दिवा सोडायची रीत

फरशी सरकली तेव्हा आधी वास आला. आंबूस, कोंदट, किंचित गोडसर. हेरंबने नाक मुरडलं. दोनातो म्हातारा पहारीवर रेलून धापा टाकत उभा राहिला. मी दोन पावलं मागं सरकलो. ठरवून नव्हे, पाय आपले आपणच मागं गेले.

"काय रे, साप निघेल असं वाटलं का?" हेरंब हसला.

"नाही. ऊन लागतंय," मी म्हटलं.

शहाण्णव सालचा एप्रिल होता. दक्षिण इटलीतल्या एका टेकडीवर, दोन हजार वर्षांपूर्वी ओस पडलेल्या एका गावात आम्ही तिघं उभे होतो. त्या जागेचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. तटाचे माणसाएवढाले चिरे, खांबांची खुंटं, एका घरात उरलेली रंगीत खड्यांची अर्धी जमीन, आणि या सगळ्यातून वर आलेली रानबडीशेप अन् काटेरी झुडपं, एवढंच तिथं होतं. दोनातो तिथला राखणदार. सकाळी फाटक उघडायचं, दुपारी घरी जाऊन जेवून झोपायचं आणि चारला परत यायचं, हे त्याचं काम. आम्ही दोघं पुरातत्त्व शिकायला आलेले विद्यार्थी. ईस्टरच्या सुट्टीत वर्गातली सगळी मुलं आपापल्या घरी गेली होती. आम्हाला तिथं घर नव्हतं, म्हणून आम्ही रोज बसने टेकडीवर यायचो, मोजमापं घ्यायचो, नकाशे काढायचो आणि स्पिरिटच्या स्टोव्हवर आलं घालून चहा करायचो.

हिवाळ्यातल्या पावसानं एका ओट्यामागची माती वाहून गेली होती. तिथं चालताना हेरंबच्या बुटाखाली फरशी वाजली. खाली पोकळ असल्याचं त्याच्या लगेच लक्षात आलं. तासभर खपून तिघांनी ती बाजूला केली. खाली माणूस जेमतेम उतरेल एवढं गोल तोंड होतं.

हेरंब गुडघ्यांवर बसून आत डोकावला. "धान्याचं कोठार आहे, भगवान. वर अरुंद, खाली फुगलेलं. पुस्तकात असतं तस्संच. आणि शाबूत आहे!"

"पेव आहे हे," माझ्या तोंडून गेलं.

"पेव म्हणजे?"

आता इथं मला थोडं मागं जायला हवं.

आम्ही शिकत होतो त्या शहरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. हेरंब दांडेकर पुण्याचा. उंच, किडकिडीत, सदा कुणाची तरी थट्टा करणारा, पण मनात काही न ठेवणारा. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये शेजारी बसून त्यानं सहज विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "हळदीचे अडते आहेत. सांगलीला." का म्हटलं, ते आजही नीट सांगता येत नाही. त्यानं वाकडं तोंड केलं असतं असंही नाही. त्याचं स्वच्छ बोलणं, त्याचा तो इस्त्रीचा सदरा यांच्यासमोर खरं काही जिभेवर येईना. एकदा बोलून गेलो आणि मग ते मागं घेता येईना. तेव्हापासून तो मला 'अडतेशेठ' म्हणायचा. दर वेळी तो म्हणायचा, मी हसायचो आणि दर वेळी ते खोटं थोडं आणखी पक्कं व्हायचं.

माझे वडील, म्हणजे अण्णा, सांगलीच्या पलीकडं कृष्णाकाठच्या आमच्या गावात हळदीच्या पेवांवर हमाल होते. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार. तोंड लहान, आत रांजणासारखं पोट, पंधरा-वीस हात खोल. आतून शेणानं सारवायचं, उसाचा पाला लावायचा, हळद भरायची आणि वर फरशी टाकून मातीनं लिंपायचं. हळद वर्षानुवर्षं टिकते, किडा लागत नाही. भरायला आणि काढायला माणूस आत उतरतो. अण्णा वर यायचे तेव्हा त्यांच्या पापण्याही पिवळ्या असायच्या. शाळेला सुट्टी असली की मी त्यांची भाकरी घेऊन पेवांवर जायचो.

"पेव म्हणजे," मी हेरंबला म्हटलं, "हळद साठवायचा खड्डा. आमच्याकडे असतात असे."

"अरे वा. तुमची स्वतःची आहेत?"

"हो. चार."

"मग तू उतरला असशील की आत."

"छे," मी म्हटलं. "मी कशाला उतरू? हमाल उतरतात."

हे वाक्य मी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज अजून कानात आहे. जरासा कंटाळलेला, मालकाच्या पोराचा.

दोनातोला आमच्या बोलण्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यानं घड्याळ पाहिलं, टोपीनं कपाळ पुसलं आणि हातवारे करत सांगितलं, आता जेवायची वेळ झाली. आज कुणी आत उतरायचं नाही. उद्या मी शिडी घेऊन येतो. "दोमानी," तो दोनदा म्हणाला. उद्या. फरशी ओढायला आणलेली दोरी तिथंच टाकून तो टेकडी उतरून गेला.

आम्ही ऑलिव्हच्या झाडाखाली स्टोव्ह पेटवला. चहा उकळेस्तोवर हेरंब त्या तोंडाकडेच बघत होता.

"उद्या हा म्हातारा अर्धं गाव घेऊन येईल," तो म्हणाला. "परवा सोमवारी आपल्या प्रोफेसर बाई परत येतील. मग त्यांचे लाडके येतील, जाळी ठोकतील, आणि आपण मागं उभं राहून बादल्या उचलायच्या."

"सापडलं तर तुलाच ना. नाव लागेलच."

"कसलं लागतंय. मागच्या वर्षी त्या ग्रीक मुलाला नाणं सापडलं, त्याचं नाव कुठं आलं?" त्यानं कप खाली ठेवला. "भगवान, जूनमध्ये माझी शिष्यवृत्ती संपते. माझ्या हातचं काहीतरी दाखवलं तरच पुढचं वर्ष मिळेल, असं बाईंनी स्पष्ट सांगितलंय. नाहीतर मी पुण्याला परत. एक आराखडा काढतो, चार मापं घेतो, दोन फोटो. अर्ध्या तासाचं काम."

"उद्या करू की."

"का? तुला भीती वाटते?"

वास अजून येत होता. झाडाखालीही येत होता. आमच्याकडं एखाद्या वर्षी पेवात पाणी शिरतं आणि हळद कुजते, तेव्हा फरशी उचलली की हाच वास येतो. मला तो ओळखू आला नाही असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

"आमच्याकडे हमाल आधी दिवा सोडतात," मी म्हटलं.

"दिवा? का?"

"रीत आहे."

इथं थांबायला नको होतं. पुढं दोन वाक्यं बोलायची होती. पण ती दोन वाक्यं ज्याला येतात तो अडत्याचा पोरगा नसतो, असं मला त्या क्षणी वाटलं. अडत्याच्या पोराला भाव माहीत असतात, पेवाचं पोट माहीत नसतं. मी चहाचा घोट घेतला.

हेरंबचे डोळे चमकले. "म्हणजे लक्ष्मी म्हणून? आत उतरण्याआधी पूजा? अरे, हे फार छान आहे. हे लिहून ठेवायला हवं. अजून काय करतात? नारळ?"

"कधी कधी."

"मग आपणही करू. हमालांची रीत मोडायला नको." तो उठला, पिशवीतून बॅटरी काढली, सुतळीला बांधली आणि चालू करून त्या तोंडातून हळूहळू आत सोडली. उजेडाचा गोळा पिवळ्या भिंतीवरून खाली खाली गेला आणि तळाला टेकला. तळाशी काळसर काहीतरी साचलेलं दिसलं. मातीच असावी. बॅटरी छान जळत होती.

"घ्या अडतेशेठ, सोडला दिवा. विझला नाही. झालं समाधान?"

मी स्टोव्हकडं पाहिलं. निळी ज्योत अजून चालू होती, बंद करायची राहून गेली होती. स्टोव्हला एक कडी होती, उचलून न्यायला.

"हो," मी म्हटलं. आणि स्टोव्ह विझवला.

दोरी त्यानं ऑलिव्हच्या बुंध्याला बांधली. ती जेमतेम तळापर्यंत पोचत होती, कमरेला गुंडाळायला उरली नाही. गळ्यात कॅमेरा, खिशात वही, पाठीमागं पट्टीची गुंडाळी. उतरण्याआधी त्यानं बूट काढून बाजूला नीट जोडीनं ठेवले. ते का काढले कोण जाणे. पूजेचं म्हटलं म्हणून असेल.

"वरून फोटो काढ रे माझा," तो म्हणाला.

"कॅमेरा तुझ्या गळ्यात आहे."

"हां, खरंच की." तो हसला आणि भिंतीला पाय लावत खाली गेला.

मी तोंडाशी पालथा पडून बघत होतो. निम्म्यावर गेल्यावर त्याचा आवाज आला. "भगवान, भिंतीवर बोटांचे ठसे आहेत. ओल्या गिलाव्यावर कुणीतरी हात फिरवलाय. दोन हजार वर्षांपूर्वीची बोटं."

"बरं. वर ये आता."

"आत्ता तर आलोय." मग त्याचे पाय तळाला लागल्याचा मऊ आवाज आला. तो बॅटरीपाशी वाकला. वही काढली. "इथं खाली कसला तरी चोथा आहे. नंतरचा असणार. बायकांच्या..." तो थांबला. "बायकांच्या हाताचे ठसे असतील ना रे हे? सारवायच्या बायकाच."

"हेरंब, वर ये."

"जरा गरगरतंय," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, बस लागल्यावर माणूस म्हणतो तसं. "एक मिनिट बसतो."

तो भिंतीला टेकून बसला. वही मांडीवर. मी हाका मारल्या. त्यानं एकदा मान वर केली, माझ्याकडं पाहिल्यासारखं केलं आणि मग मान खाली गेली. बॅटरी जळतच होती. त्या उजेडात त्याचे मोजे दिसत होते, निळे, एकाला अंगठ्याशी रफू केलेलं.

मी उतरलो नाही. दोरी समोर होती, हात पुढं गेलाही, पण मी उतरलो नाही. उठलो आणि टेकडीवरून पळत सुटलो. दोनातोचं घर पायथ्याशी होतं. तो जेवणाच्या टेबलावरून उठून तसाच बाहेर आला, त्याच्या बायकोनं फोन केला. मुखवटे लावलेली माणसं येऊन हेरंबला वर काढेपर्यंत दोन तास गेले. त्याला कसलीही जखम नव्हती. दोनातो कामावर येण्याआधी कधीतरी कुणीतरी त्या खड्ड्यात ऑलिव्हचा चोथा टाकून वर फरशी सरकवून दिली होती, तो आत कुजत राहिला होता, असं मागाहून कळलं. दोनातोलाही ते माहीत नव्हतं. तो माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिला आणि पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होता, दोमानी, दोमानी.

मुखवटा काढून त्यांच्यातला एक अधिकारी माझ्याजवळ आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू मागून उतरला नाहीस, हे शहाणपणाचं केलंस. अशा ठिकाणाहून आम्ही नेहमी दोघांना काढतो. एक पहिला आणि एक त्याला वाचवायला गेलेला." त्यानं मला पाणी दिलं. पोलिसांनी जबाब लिहून घेतला. उतरण्यापूर्वी तुम्ही काही खबरदारी घेतली होती का, असं विचारलं. मी म्हटलं, बॅटरी सोडून पाहिली होती. ते त्यांनी लिहिलं.

महिन्याभरानं मी देशात परत आलो. पुढचं शिक्षण सोडलंच. आधी पुण्याला गेलो, हेरंबची पिशवी द्यायला. त्याचं घर बघून मी दारातच थबकलो. दोन खोल्या, त्याही भाड्याच्या. कोपऱ्यात शिवणाचं मशीन. त्याचे वडील पोस्टातून निवृत्त झालेले, जन्मभर खिडकीवर बसून तिकिटं विकलेली. इस्त्रीच्या सदऱ्याची इस्त्री हेरंब स्वतः गादीखाली घालून करत असे, हे त्याच्या आईनं सांगितलं. ज्याच्यासमोर मी अडत्याचा पोरगा झालो होतो त्याचं घर हे असं होतं.

"त्रास झाला का रे त्याला?" आईनं विचारलं.

"नाही. बसल्या बसल्या झोप लागल्यासारखं झालं."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "तू मागं उतरला नाहीस ते बरं केलंस, बाळ. तुझ्या आईचा तरी जीव राहिला."

हेरंबचे वडील, दांडेकर, दारापर्यंत सोडायला आले. निघताना त्यांनी माझा पत्ता विचारला. मी गावाचं नाव सांगितलं.

पंधरा दिवसांनी ते आले. मे संपत आला होता. पावसाआधी दोन-तीन पेवं रिकामी करायची म्हणून अण्णांची धांदल चालली होती आणि मी त्यांच्यासोबत रानात होतो. लांबून पांढरा सदरा, डोक्याला रुमाल, हातात कापडी पिशवी अशी एक आकृती बांधावरून तोल सांभाळत येताना दिसली. मी ओळखलं आणि हातातलं पोतं खाली ठेवलं.

हेरंबच्या पत्रात वाचलं होतं म्हणून ते आधी सांगलीला हळदीच्या बाजारात गेले होते. माझ्या आडनावावरून, ऐवळे अडते कुठं बसतात म्हणून दोन पेढ्यांवर विचारलं. तिथं कुणीतरी हसलं, कुणीतरी आमच्या गावच्या एसटीत बसवून दिलं.

"मी अडत्या न्हाई, साहेब," अण्णा हात पुसत म्हणाले. उघडं अंग, कमरेला धोतराचा काच्या, सगळं पिवळं. "हमाल हाय मी. बाबू ऐवळे. तुमाला दुसरं कोन तरी पायजे आसंल."

दांडेकरांनी माझ्याकडं पाहिलं. मग अण्णांना म्हणाले, "नाही, तुम्हीच. हेरंबच्या ऐकण्यात चूक झाली असेल."

हेरंबचं नाव ऐकताच अण्णांचा चेहरा बदलला. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की बरोबरचा एक मुलगा पडक्या गावात खड्ड्यात उतरला आणि गेला. त्यांनी पोत्यावरची धूळ झटकून पाहुण्यांना बसायला दिलं. "लई वंगाळ झालं, साहेब. पोर परदेशात... काय बोलावं माणसानं."

दांडेकर बसले. पिशवीतून त्यांनी एक कागद काढला. पोलिसांच्या जबाबाचा, कुणाकडून तरी मराठीत करून घेतलेला. "मी भगवानला एक विचारायला आलो होतो," ते म्हणाले. "यात लिहिलंय, उतरण्यापूर्वी बॅटरी सोडून पाहिली. मी हे वाक्य पन्नासदा वाचलं असेल. कशासाठी सोडली, ते काही मला कळेना. उजेडासाठी म्हणावं तर तसं लिहिलेलं नाही. खबरदारी म्हणून, असं लिहिलंय."

मी कागदाकडं बघत राहिलो.  अण्णांना वाटलं असावं, पाहुणा एवढ्या लांबून आलाय, त्याला काहीतरी कळायला हवंय, आणि हे आपल्याला कळतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असा शिकलेला माणूस त्यांच्या कामातलं विचारत होता.

"मी दावतो साहेब तुमाला," ते म्हणाले. "ह्ये पेव आत्ता सकाळी उघडलंय. या हिकडं. जरा लांबनंच बगा."

त्यांनी कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि पेवाच्या तोंडातून सोडला. हळूहळू, हातावर दोरी मोजत. दांडेकर वाकून बघत होते. दहा हातांवर ज्योत लहान झाली. आणखी दोन हात खाली गेल्यावर ती निळी पडली, एकदा फडफडली आणि विझली.

"बगितलं?" अण्णा म्हणाले. "आत वारं मेलंय. दिवा जगत न्हाई तिथं मानूस जगत न्हाई. आता आज हितं कोन उतरनार न्हाई."

"मग कधी?"

"उद्या. रातभर तोंड उघडं ठिवायचं. सकाळी परत दिवा सोडायचा. जगला तर उतरायचं."

"एवढंच?"

"येवढंच, साहेब. येक दिस कळ काढायची."

दांडेकरांनी रुमालानं तोंड पुसलं. "आणि कंदिलाऐवजी बॅटरी सोडली तर?"

अण्णा हसले. पाहुण्याच्या भोळेपणाला हसावं तसं, मायेनं. "बॅटरीला काय वारं लागतंय व्हय? ती कुटं बी जळंल. जोत पायजे, साहेब, जिती. ह्ये आमच्यात बारकं पोरगं बी सांगंल. आता ह्योच भगवान, धा वर्साचा हुता तवापासनं दिवा ह्योच सोडतोय. सुट्टीला आला की मी कंदील त्येच्याच हातात द्यायचो. त्यो दिवा जगलाय म्हनला तरच मी उतरायचो. माजा जीव त्येच्या हातात ऱ्हायचा, साहेब. येकदा बी चुकला न्हाई."

मघाशी मी भाकरी घेऊन जायचो असं सांगितलं. ते खरं आहे, पण अर्धंच.

दांडेकर माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"भगवान," ते म्हणाले, "हेरंबनं पत्रात लिहिलं होतं, तुम्ही टेकडीवर चहा करता म्हणून. स्टोव्ह नेता."

"हो."

"त्या दिवशी नेला होता?"

"हो."

"पेटवला होता?"

"हो."

त्यांनी कागदाची घडी घातली, ती पुन्हा उघडली, पुन्हा नीट घातली आणि पिशवीत ठेवली. अण्णा एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. त्यांचं हसू हळूहळू ओसरत गेलं.

"च्या घ्या की, साहेब," ते म्हणाले. "घर जवळच हाय."

"नको. गाडी चुकेल माझी." दांडेकर उठले. अण्णांचा पिवळा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "तुम्ही फार नीट समजावून सांगितलंत, ऐवळे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं." माझ्याकडं न बघता ते बांधावरून निघून गेले. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला हळद लागली होती.

ते दिसेनासे होईपर्यंत अण्णा उभे होते. मग खाली बसून त्यांनी कंदिलाची दोरी गुंडाळायला घेतली.

"त्यो अडते अडते करत का आला?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. मेसमधला पहिला दिवस, अडतेशेठ, चार पेवं, हमाल उतरतात म्हणालो ते, रीत आहे म्हणालो ते, बॅटरी, आणि मी विझवलेला स्टोव्ह. मागून का उतरलो नाही, तेही सांगितलं. मला माहीत होतं, म्हणून उतरलो नाही. अण्णा दोरी गुंडाळत होते. गुंडाळून झाली, ती त्यांनी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला लागले.

आज त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. अण्णा गेले. पुढं महापुरात ती पेवंही बुजली. दांडेकरांना मी तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही, आणि येऊ नये हेच रास्त होतं. मी इथंच शाळेत इतिहास शिकवतो. अण्णांनी त्या दिवसानंतर मला कधी एका शब्दानं टोचलं नाही, पण कंदीलही पुन्हा माझ्या हातात दिला नाही. दिवा ते स्वतः सोडायचे, म्हातारपणी हात कापायला लागले तरी.

त्या संध्याकाळी मात्र ते बोलले. पेवाचं तोंड उघडंच होतं, कुणाचा पाय पडू नये म्हणून भोवती आम्ही काट्या टाकल्या. घरी निघताना ते थांबले.

"मला अडत्या केलास, त्येचं काय न्हाई," ते म्हणाले. "शिकल्याली पोरं करत्यात आसलं. पर तेवढा येक दिस मला हमाल ऱ्हाऊ द्यायचं हुतंस."